मेहली मेहता : एक आजन्म विद्यार्थी

आमच्या गावच्या भजनी मंडळात माझे आजोबा टाळकरी होते. देवळाबाहेरच्या फळ्यावर बुवांचे नाव असे, पखवाजवाल्याचे नाव असे. टाळकऱ्यांची नावे कधीच नसत. पण टाळ चुकला की अख्खा अभंग कसा डगमगतो, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्या आजोबांची आठवण मला गेल्या वर्षी एका अगदी परक्या संगीताने करून दिली.

आम्ही चार-पाच विद्यार्थी जुन्या पनवेलमध्ये आमच्या एका सरांच्या घरी गेलो होतो. सरांनी 1957 साली ध्वनिमुद्रित झालेली एक जुनी तबकडी ऐकविली. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराने पहिल्या महायुद्धानंतर, 1919 साली लिहिलेली ती रचना, चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून तो गजाने वाजवितात. आवाज खर्जातला, माणसाच्या गळ्याच्या जवळचा. वादक होते फ्रान्सचे आंद्रे नवारा, संचालक सर जॉन बार्बिरोली आणि वाद्यवृंद मँचेस्टर शहरातील 'हॅले'. मला त्या संगीतातले काहीच कळत नव्हते. तरीही घरातले कोणी गेल्यावर जी शांतता पसरते, तशी शांतता त्या सुरांत आहे, एवढे मात्र कळले.

तबकडी संपल्यावर सरांनी सहज सांगितले, की त्या वर्षांत हॅलेच्या व्हायोलिनवादकांच्या रांगेत आपल्या मुंबईचा एक माणूस बसत असे. मी वेष्टन उलटसुलट करून पाहिले. त्यावर ते नाव नव्हते. ते नाव होते मेहली मेहता.

जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता यांचे वडील, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. 25 सप्टेंबर 1908 रोजी मुंबईच्या एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. व्हायोलिनचे वेड लहानपणीच लागले. त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे उच्च शिक्षण मिळणे दुर्घट होते. थोर वादक याशा हायफेट्झ यांचा आदर्श समोर ठेवून मेहलींनी बरीचशी विद्या स्वतःच्या मेहनतीने मिळविली. 1935 साली त्यांनी 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. हॉटेलांत आणि चित्रपटांच्या स्टुडिओंत वाजवून पोट भरणारे गोव्याचे वादक, हौशी पारशी मंडळी, लष्करी बँडमधील माणसे अशा सर्वांची मोट त्यांनी बांधली. 1940 साली चार वादकांचा 'बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट' काढला. तालमी घरीच चालत, आणि छोटा झुबिन त्या सुरांतच वाढला.

मुंबईत त्यांना मान होता, नाव होते. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर संतुष्ट राहिला असता. पण आपले शिक्षण अपुरे आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 साली, छत्तिशी ओलांडल्यावर, पत्नी तेहमिना आणि झुबिन व झरीन ही दोन लहान मुले यांना मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला गेले आणि इव्हान गॅलमियन या नामांकित गुरूंकडे शिकू लागले. सुमारे चार वर्षे त्यांनी तेथे काढली. जो माणूस इथे वाद्यवृंदाचा प्रमुख होता, तो तिथे पुन्हा गज धरण्यापासून शिकणारा विद्यार्थी झाला.

वाचकहो, याच ठिकाणी मी अडखळतो. एवढी वर्षे घर एकट्या तेहमिनाबाईंनी सांभाळले. मुले वडिलांवाचून मोठी होत होती. हे योग्य झाले काय? आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या पुस्तकांसाठी घरातल्या कोणी काय सोडले, ते मला ठाऊक आहे. म्हणून मला असे वाटते, की विद्येची किंमत शिकणारा एकटा कधीच भरत नाही. मेहलींच्या कीर्तीत तेहमिनाबाईंचा वाटा निम्म्याहून कमी नसावा.

परत आल्यावर काही वर्षे त्यांनी मुंबईचा वाद्यवृंद चालविला. सोळा वर्षांच्या झुबिनने त्याच वाद्यवृंदाची तालीम घेतली. पुढे 1954 साली झुबिन व्हिएन्नाला शिकावयास गेला आणि 1955 साली मेहलींनीही मुंबई सोडली. ते हॅले वाद्यवृंदात सहायक प्रमुख व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले. स्वतःचा वाद्यवृंद चालविलेल्या माणसाने पंचेचाळिशी उलटल्यावर दुसऱ्याच्या हाताखाली रांगेत बसावे, ही गोष्ट सोपी नाही.

पण ती रांग साधी नव्हती. हॅलेची स्थापना 1858 सालची. मेहली तेथे असतानाच, 2 मे 1956 रोजी, व्हॉन विल्यम्स यांची आठवी सिंफनी या वाद्यवृंदाने मँचेस्टरमध्ये प्रथम सादर केली. एल्गारच्या रचनांची गाजलेली ध्वनिमुद्रणेही याच काळातली. आणि स्वतः बार्बिरोली कोण होते? 27 ऑक्टोबर 1919 रोजी लंडनला एल्गारची ती चेलोरचना प्रथम वाजली, तेव्हा चेलोवादकांच्या रांगेत बसलेला एक मुलगा! तालीम अपुरी पडल्याने तो प्रयोग फसला होता. बार्बिरोली तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आज मी आहे तेवढेच. रांगेत बसणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होते, अशाच संचालकाच्या हाताखाली मेहली वाजवीत होते.

1958 साली मँचेस्टरपासून जवळच असलेल्या लिव्हरपूलला झुबिनने संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मुलाचे नाव जगभर झाले. वडील मात्र अमेरिकेला जाऊन फिलाडेल्फियाच्या 'कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट'मध्ये वाजवू लागले. 1964 साली लॉस एंजेलिसला स्थायिक होऊन त्यांनी विद्यापीठात शिकविण्यास सुरुवात केली आणि तरुण वादकांसाठी 'अमेरिकन यूथ सिंफनी' स्थापन केली. नव्वदीला पोहोचेपर्यंत, 1998 सालापर्यंत, त्यांनी ती चालविली. जी विद्या मिळविण्यासाठी स्वतःला समुद्र ओलांडावा लागला, ती त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना मुक्तहस्ते दिली. 19 ऑक्टोबर 2002 रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुंबईत त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकविते.

मेहलींच्या मृत्यूनंतर माझा जन्म झाला. त्यांचे संगीत मला अजूनही नीट कळत नाही. पण ती तबकडी मी सरांकडे पुन्हा दोनदा ऐकली. चेलो थांबतो आणि मागून व्हायोलिने एकदम उठतात, तेव्हा त्यांतले एक मुंबईचे असेल, या विचाराने ऊर भरून येतो. ते कोणते, हे ओळखता येत नाही. टाळकऱ्याचा टाळ तरी वेगळा कुठे ओळखू येतो? या आजन्म विद्यार्थ्याच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.