अब्दुल करीम खाँसाहेब आणि तंबोऱ्याची दांडी

गेल्या उन्हाळ्यात नानाखेड्यातील आमच्या घराच्या ओसरीवर मी तंबोऱ्याची दांडी करावयास बसलो. निमित्त घरचेच होते. आमच्या आजीची एक जुनी मिरजेची तंबुरी माळ्यावर पडून होती. भोपळा धड होता, पण दांडी वाळवीने पोखरली होती. नातीला गाणे शिकावयाचे आहे, पण तिचा हात खुंट्यांपर्यंत पोचत नाही. तेव्हा मूळ मापाहून वीतभर आखूड दांडी आपणच करावी, असे मी ठरविले.

पाहणाऱ्यास वाटते, दांडी म्हणजे एक गोल लाकूड. तसे नाही. ती आतून पोकळ असते. पन्हळीसारखी कोरलेली पाठ आणि तिच्यावर सरसाने बसविलेली चपटी पट्टी, असे तिचे दोन भाग. पाठ फार पातळ झाली तर चार तारांच्या ताणाने दांडी झुकते, आणि जाड राहिली तर वाद्य जड व मुके होते. शिवाय लांबी कमी केली की खर्जाची तार त्याच स्वरास सैल पडते. तिच्या जागी अधिक जाड तार घ्यावी लागते. माझी पहिली दांडी पंधरवड्यात धनुष्यासारखी पुढे वाकली. लाकूड पुरते वाळलेले नव्हते आणि मला घाई झाली होती. ती मोडकी दांडी समोर ठेवून बसलो असता मला एका थोर पुरुषाची आठवण झाली. हे काम त्यांनी कधी हलके मानले नाही. ते म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ.

त्यांचा जन्म १८७२ साली उत्तरेत, किराना या गावी झाला. वडील काले खाँ. घराणे गवयांचे व सारंगियांचे. लहानपणी सारंगी आणि पुढे बीन त्यांच्या हाती आली. गळ्याआधी बोटांना स्वराची ओळख झालेला हा गवई होता. तरुण वयात ते बंधू अब्दुल हक यांजबरोबर बडोद्यास आले आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या दरबारी गाऊ लागले. तेथेच सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. दोघांनी बडोदे सोडले व ती मुंबईस आली. पुढे मिरज हे खाँसाहेबांचे घर झाले.

मिरजेचे नाव वाद्यांसाठी सर्वतोमुखी आहे. तेथील शिकलगार मंडळी मूळची शस्त्रांस धार लावणारी. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेब सतारमेकरांसारख्या कारागिरांनी तोच हात सतारी व तंबोऱ्यांकडे वळविला. पटवर्धन संस्थानिकांचा त्यास आश्रय मिळाला. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून उभा राहिलेला तो धंदा आजही चालू आहे, व २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावी खाँसाहेबांसारखा माणूस रमला, यात नवल ते काय!

ते नुसते गात नसत. बिघडलेले वाद्य समोर आले की स्वतः दुरुस्तीस बसत. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जेथे टेकते, तेथील पृष्ठभाग केसभर इकडेतिकडे घासला तरी नाद बदलतो. हीच जवारी. ती लावण्याची त्यांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही असामान्य. पुण्यास १९१३ साली त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्ससाहेब यांनी बावीस श्रुतींचे संशोधन मांडले, तेव्हा खाँसाहेबांनी त्या कामास साह्य दिले. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींच्या पेटीवरून मोठा वाद झाला, भातखंड्यांसारख्या पंडितांस ते मत पटले नाही. वाद पंडितांचा पंडितांस लखलाभ असो. खाँसाहेबांना तारेतून स्वर काढून पाहावयाचा होता.

संसारात मात्र त्यांस स्वास्थ्य लाभले नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. मुलांनी नवी नावे घेतली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही ती नावे. बाप आणि मुले दुरावली, परंतु गाणे एकच राहिले. तिकडे शिष्य सवाई गंधर्वांनी तेच गाणे पुढे नेले, आणि त्यांच्यापासून ते भीमसेन जोशींपर्यंत आले. तुटलेली वाद्ये जोडणाऱ्या त्या हातांस स्वतःचे घर जोडता आले नाही, ही गोष्ट मला नेहमी चटका लावते.

म्हैसूर दरबाराने त्यांचा गौरव केला. दक्षिणेतील गायनाकडेही त्यांनी आदराने पाहिले, ते शिकले आणि गायिलेही. त्यांच्या तबकड्या आज ऐकाव्या. आवाज मोठा नाही, पण स्वर ज्या जागी हवा त्या जागीच येऊन बसतो.

मद्रासहून पाँडिचेरीस जात असता २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांस वाटेत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर ते उतरले. तेथेच तंबोरा जुळवून त्यांनी ईश्वराचे नाव गायिले आणि प्राण ठेविला, असे सांगतात. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवई हजेरी लावतात.

आम्ही माळव्यातील मंडळी शिंदे, होळकर, पवार यांच्याबरोबर इकडे आलो. गाण्याची आवड बरोबर आणली, पण वाद्याच्या दुरुस्तीची वेळ आली की ते गुंडाळून माळ्यावर टाकतो. मीही तेच केले होते. या खेपेस जुन्या कपाटाची तुणीची फळी घेतली. ती आमच्याच घरात वर्षानुवर्षे वाळलेली. पाठ थोडी जाड ठेवली, कोरून कोरून टिचक्या मारून पाहिली, सरस बांधून आठ दिवस हात लावला नाही. दोन महिने झाले, दांडी सरळ आहे. खर्ज अजून मनासारखा बोलत नाही, जवारीत चूक आहे. उद्या घोडी काढून पुन्हा घासावयास बसेन. नात मात्र त्याच तंबुरीवर पहाटे षड्ज लावते.