अर्ल अँथनी

अर्ल रॉडरिक अँथनी (२७ एप्रिल १९३८ – १४ ऑगस्ट २००१) हे अमेरिकेचे व्यावसायिक टेनपिन बोलिंगपटू होते. १९७५ च्या हंगामात त्यांनी सात स्पर्धा जिंकल्या आणि एका हंगामात एक लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळवणारे ते पहिले बोलिंगपटू ठरले. येथे बोलिंग म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाजी नव्हे. साठ फूट लांबीच्या गुळगुळीत पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडून पलीकडे त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना पाडण्याचा हा खेळ आहे.

पूर्वायुष्य

अँथनी यांचे तारुण्य वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे गेले. त्यांची पहिली ओढ बेसबॉलकडे होती. हवाई दलातील नोकरीनंतर डावखुरा पिचर म्हणून त्यांनी व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रवेश करण्याचा प्रयत्न केला, परंतु दुखापतीमुळे तो मार्ग बंद झाला. पुढे किराणा मालाच्या एका घाऊक कंपनीत रात्रपाळीची नोकरी करत असताना ते बोलिंगकडे वळले. त्या वेळी त्यांनी वयाची विशी ओलांडली होती. या खेळातील बहुतेक नामवंत बालपणापासून चेंडू हाताळत आलेले असतात, हे लक्षात घेता ही सुरुवात फार उशिराची म्हटली पाहिजे.

१९६३ मध्ये त्यांनी व्यावसायिक स्पर्धांत नशीब अजमावले, पण बक्षिसाची रक्कम पदरी न पडता ते नोकरीवर परतले. त्यानंतरची वर्षे त्यांनी सरावात घालवली. पहिले व्यावसायिक विजेतेपद १९७० मध्ये सिएटल येथे मिळाले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

१९७५ चा हंगाम

व्यावसायिक बोलिंगपटू संघटनेच्या (पीबीए) स्पर्धा एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत्या असत. पात्रता फेऱ्यांतून निवडलेले खेळाडू एकमेकांशी सामने खेळत. पाडलेल्या सर्व पिनांची बेरीज होई आणि प्रत्येक विजयासाठी तीस पिना वाढवून मिळत. या बेरजेतील पहिले पाच जण शनिवारी दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या अंतिम टप्प्यात येत. पाचवा चौथ्याशी खेळे, त्यातील विजेता तिसऱ्याशी, आणि अशा पायऱ्या चढत आलेला खेळाडू शेवटी पहिल्याशी भिडे. आठवडाभर आघाडीवर राहिलेल्याला विजेतेपदासाठी एकच डाव खेळावा लागे. तो हुकला की आघाडी वाया जाई. अँथनी यांच्या सात विजेतेपदांचे मोल या पद्धतीमुळेच कळते.

१९७४ मध्ये सहा स्पर्धा जिंकूनही त्यांची कमाई एक लाखाच्या किंचित अलीकडे थांबली होती. १९७५ मध्ये ती १,०७,५८५ डॉलर झाली. त्याच वर्षी त्यांनी पीबीएचे राष्ट्रीय अजिंक्यपद सलग तिसऱ्यांदा जिंकले. १९७६ मध्ये पुन्हा सहा स्पर्धा त्यांच्या नावावर लागल्या. सात विजेतेपदांचा विक्रम १९७८ मध्ये मार्क रॉथ यांनी आठ स्पर्धा जिंकून मोडला.

डावखुरेपणाचा वाद

पट्टीवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. चेंडू त्यावरून घसरत जातो आणि कोरड्या भागात पोहोचल्यावर वळतो. खेळाडूंत उजव्या हाताने खेळणारे पुष्कळ असल्याने त्यांच्या बाजूचे तेल लवकर विस्कटते व चेंडूची वाट वारंवार बदलावी लागते. डावखुऱ्यांची बाजू मात्र बराच काळ जशीच्या तशी राहते. त्यामुळे डावखुऱ्यांचे यश फुकटचे असल्याची तक्रार त्या काळात उघडपणे होत असे आणि तिचा रोख पुष्कळदा अँथनी यांच्याकडे असे. तक्रारीत तथ्य होते, पण ते अपुरे होते. त्याच पट्ट्यांवर इतर डावखुरेही खेळत होते; त्यांच्यापैकी कोणालाही त्या हंगामात सात स्पर्धा जिंकता आल्या नाहीत. रॉथ चेंडूला जोरकस फिरकी देत, तर अँथनी यांची फेक संथ, एकसारखी आणि नेमकी होती. आखूड कापलेले केस, चष्मा आणि निर्विकार चेहरा यांमुळे ते खेळाडूपेक्षा हिशेबनीस वाटत.

उत्तरार्ध

१९७८ मध्ये वयाच्या चाळिशीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तरीही १९८१ ते १९८३ अशी सलग तीन वर्षे त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हा जिंकले आणि तिन्ही वर्षी ते वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरले. हा मान त्यांना यापूर्वी १९७४ ते १९७६ मध्येही मिळाला होता. १९८२ मध्ये त्यांची एकूण बक्षीस-कमाई दहा लाख डॉलरवर गेली. हा टप्पा गाठणारे ते पहिले बोलिंगपटू होत. यू.एस. ओपन ही स्पर्धा मात्र त्यांना कधीही जिंकता आली नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील न्यू बर्लिन येथे एका मित्राच्या घरी जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या विजेतेपदांची संख्या जुन्या नोंदींत ४१ आढळते. १९७७ व १९८४ मध्ये त्यांनी जिंकलेल्या एबीसी मास्टर्स स्पर्धा पीबीएने नंतर आपल्या गणनेत धरल्या, म्हणून आता ती ४३ दिली जाते.