प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर

विद्यार्थिमित्रहो, रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तुम्हांस लाव्हाझिए, डाल्टन, मेंडेलीव्ह अशीं नांवें पानोपानीं भेटतात. तीं सर्व दूरदेशचीं असल्यामुळें हें शास्त्र आपणांकडे पाहुणें म्हणून आलें आहे, अशी तुमची समजूत होऊन बसते. त्यासाठीं यंदा आपल्याच बाजूच्या एका रसायनज्ञाचें चरित्र तुमच्यापुढें ठेवण्याचें योजिलें आहे. हे गृहस्थ जन्मानें गुजराती होते. परंतु त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध एका मराठी राजाच्या आश्रयाखालीं व उत्तरार्ध मुंबई शहरांत गेला.

त्रिभुवनदास गज्जर यांचा जन्म १८६३ सालीं सुरत येथें एका सुतार घराण्यांत झाला. वडील कल्याणदास हे सुखवस्तु असून शिल्पशास्त्राचे जाणते होते. करवत, गुण्या व ओळंबा हीं मुलाच्या डोळ्यांसमोर बाळपणापासून होतीं. पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं रसायन हा विषय घेऊन उत्तम यश मिळविलें. त्या काळीं शिकलेला मनुष्य म्हणजे वकिली किंवा सरकारी नोकरी करणारा, आणि हातानें काम करणारा म्हणजे निरक्षर, अशी समाजाची सरळ वांटणी असे. गज्जरांच्या ठिकाणीं हे दोन्ही प्रवाह एकत्र आले होते, आणि त्यांच्या पुढील सर्व उद्योगांचें बीज मला तरी येथेंच दिसतें.

शिक्षण संपल्यावर ते बडोदें कॉलेजांत रसायनाचे अध्यापक झाले. बडोद्याच्या गादीवर त्या वेळीं महाराज सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें या खेडेगांवांतून दत्तक गेलेला हा मुलगा पुढें विद्येचा केवढा आश्रयदाता झाला, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. गज्जरांनीं महाराजांपुढें अशी योजना मांडली कीं, सुतार, लोहार, रंगारी, विणकर यांच्या मुलांस त्यांचा धंदा शास्त्राच्या पायावर शिकवावा, आणि तो त्यांच्याच भाषेंत शिकवावा. त्यांतून १८९० सालीं बडोद्याचें कलाभवन उभें राहिलें व गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे ह्याच कलाभवनांत शिकले. आज ती संस्था बडोद्याच्या विद्यापीठाचा एक भाग आहे.

मातृभाषेचा हा आग्रह त्या काळीं पुष्कळांस वेडेपणाचा वाटला. शास्त्राला शब्द कोठून आणावयाचे, असा आक्षेप घेण्यांत येई. गज्जरांनीं वाद घालीत बसण्यापेक्षां पुस्तकें तयार करण्याचें काम अंगावर घेतलें, आणि महाराजांनीं द्रव्यसाहाय्य दिल्यावरून सयाजी ज्ञानमंजूषा या नांवाची ग्रंथमाला सुरू झाली. आपल्या मराठवाड्यांतील पालकांस या प्रश्नाचें मर्म समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आपलें हदगांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. पुढें १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें व तेथें शास्त्रें देशी भाषेंत शिकवितां येतात हें सिद्ध झालें. मात्र ती भाषा उर्दू होती, आणि मराठी घरांतल्या मुलाला ती इंग्रजीइतकीच कष्टानें शिकावी लागे.

कलाभवनांत गज्जरांनीं सर्वांत अधिक लक्ष रंगकामाकडे पुरविलें. याचें कारण समजण्यासाठीं थोडें रसायन पाहिलें पाहिजे. पूर्वी लाल रंग मुळ्यांपासून व निळा रंग निळीच्या झाडापासून काढीत. पण १८६९ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत जो लाल रंग असतो तोच दगडी कोळशाच्या डांबरापासून तयार करून दाखविला. तोच, असें मी मुद्दाम म्हणतों. कारण संयुगाचे घटक व त्यांची मांडणी एक असली, कीं तें शेतांत उगवलें काय किंवा कारखान्यांत घडलें काय, पदार्थ एकच. डांबराचा रंग स्वस्त पडूं लागतांच शेतांतील मुळ्यांस कोणी विचारीना, आणि १८९७ पासून कृत्रिम नीळहि बाजारांत आल्यावर निळीच्या शेतीचीहि तीच गत झाली. आपले रंगारी नवीन रंग वापरूं लागले, पण ते कसे वापरावे याचें ज्ञान त्यांस नसल्यामुळें कापड एका धुण्यांत फिकें पडे व गिऱ्हाईक तोंड फिरवी.

गज्जरांनीं या रंगाऱ्यांच्या मुलांस तोलून मापून काम करावयास शिकविलें. फटकडीसारखा क्षार धाग्यावर आधीं बसविला म्हणजे रंग त्याच्याशीं संयोग पावून पाण्यांत न विरघळणारा पदार्थ बनतो व रंग पक्का होतो, ही गोष्ट आपले जुने रंगारी हातानें जाणत होते. तिचें कारण त्यांस कलाभवनांत समजलें. रंगरहस्य नांवाचें या विषयाचें एक नियतकालिकहि गज्जरांनीं चालविलें. जर्मन रंग शिकविण्यांत त्यांनीं परदेशी मालास हातभार लावला, असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्य नाहीं असें मला म्हणवत नाहीं. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होऊन जर्मनीचे रंग येईनासे झाले, तेव्हां हिंदुस्थानांतील रंगाऱ्यांची मोठी अडचण झाली. परंतु जुन्या मुळ्या उगाळीत बसून ते धंद्यांत टिकले असते असेंहि दिसत नाहीं.

१८९६ सालीं गज्जरांनीं बडोदें सोडलें. दरबारच्या कारभाऱ्यांशीं त्यांचें जमेनासें झालें होतें. स्वतः उभारलेली संस्था सोडून जातांना त्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना ज्यानें एखादी लहानशी शाळा जरी चालविली असेल त्यास येईल. मुंबईस चौपाटीवरील विल्सन कॉलेजांत ते रसायनाचे प्रोफेसर झाले. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनरींनीं १८३२ सालीं ज्या शाळेचा पाया घातला, तिचेंच हें कॉलेज झालें होतें.

ते मुंबईस आले तें वर्ष मोठें कठीण होतें. सप्टेंबरांत शहरांत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ पसरली व लोक घरेंदारें सोडून पळूं लागले. गज्जरांनीं या रोगावर आयोडीन व क्लोरीन यांचें एक संयुग औषध म्हणून पुढें आणलें. या संयुगांत आयोडीनच्या एका परमाणूशीं क्लोरीनचे तीन परमाणु जोडलेले असतात. वजनानें पाहिल्यास १२७ भार आयोडीनला सुमारें १०६ भार क्लोरीन. हें प्रमाण मुंबईंत केलें तरी तेंच, बर्लिनमध्यें केलें तरी तेंच. मिश्रण व संयुग यांतील भेद तो हाच. हें औषध जंतुनाशक होतें, परंतु प्लेगचा नायनाट त्यानें झाला असें नाहीं. १८९७ च्या आरंभीं हाफकिन यांनीं मुंबईंतच प्लेगची लस तयार केली, व खरा उतारा तर त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं हातीं आला. तथापि सारें शहर ओस पडत असतां हा मनुष्य आपल्या बाटल्या घेऊन तेथेंच राहिला.

त्यांचें नांव घरोघर झालें तें एका निराळ्याच प्रकरणानें. मुंबईच्या एस्प्लनेडवर व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. तो बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं दिलेला असून १८७२ सालीं उघडण्यांत आला होता. १८९६ च्या ऑक्टोबरांत एके रात्रीं कोणीं त्यास डांबर फासलें. हें कृत्य पुण्याच्या चाफेकर बंधूंचें होतें, हें पुढें रँडसाहेबांच्या खुनाच्या खटल्याच्या वेळीं दामोदर चाफेकरांच्या कबुलीवरून उघडकीस आलें. इकडे पुतळ्यावरील डाग जाता जाईना. जाणत्यांचे उपाय थकले.

हें काम एवढें अवघड कां, तें घरच्या घरीं पाहतां येईल. तुमच्या घरीं शहाबादी फरशी असेल तर कोपऱ्यांत लिंबाचा एक थेंब टाका, आणि आईच्या बोलण्याची तयारी ठेवा. थेंब पुसल्यावर तेथील चकाकी गेलेली दिसेल. अंड्याचें टरफल लिंबाच्या रसांत टाकलें तर बुडबुडे येतात. शहाबादी, टरफल व संगमरवर हीं मुख्यतः एकाच संयुगाचीं बनलेलीं आहेत. त्याच्या १०० भारांत ४० भार कॅल्शियम, १२ भार कर्ब व ४८ भार प्राणवायु असतो. तेंच भट्टींत तापविलें तर ५६ भार कळीचा चुना उरतो व ४४ भार वायु उडून जातो. बेरीज पुन्हां १००. अम्ल लागलें कीं तोच वायु निघतो व दगड झिजतो. म्हणून पुतळ्यावर तीव्र अम्ल ओतावें तर डांबर राहील आणि राणीचें नाक मात्र जाईल! तुळतुळीत दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेलें डांबर काढावयाचें, पण दगडास धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, असा हा पेंच होता. १८९८ सालीं गज्जरांनीं तो सोडविला व पुतळा पूर्ववत् शुभ्र झाला. ज्या डांबरापासून निघणाऱ्या रंगांचें शास्त्र त्यांनीं बडोद्यास शिकविलें, त्याच पदार्थाशीं त्यांची येथें अशी गांठ पडली.

त्याच वर्षीं एप्रिलांत दामोदर चाफेकर येरवड्यास फांशीं गेले. आज आपण त्यांस देशभक्त म्हणून स्मरतों, व तो पुतळाहि स्वातंत्र्यानंतर त्या जागेवरून हलविण्यांत आला. मग गज्जरांनीं केलें तें बरें कीं वाईट, असा प्रश्न गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत एका मुलीनें मला विचारला. रसायनज्ञापुढें डाग आला आणि त्यानें तो काढला, एवढेंच उत्तर मला त्या वेळीं देतां आलें. तिचें त्यानें समाधान झालें नाहीं, आणि माझेंहि पुरतें झालें नाहीं.

मोतीहि त्याच संयुगाचें असतें. फरक इतकाच कीं, शिंपल्यांतील प्राणी तें पातळ थरांवर थर देऊन रचतो, म्हणून त्यास पाणी येतें. मुंबई ही मोत्यांची मोठी पेठ. पिंवळट, काळवंडलेलीं मोत्यें कवडीमोलानें जात. गज्जरांनीं त्यांस उजाळा देण्याची कृति शोधून काढली व तिच्यापासून त्यांस द्रव्यलाभ झाला.

गिरगांवांत त्यांनीं स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली होती. मुंबई विद्यापीठाची एम्. ए. ची परीक्षा रसायन घेऊन देऊं इच्छिणाऱ्यांस प्रयोग करावयास तेथें जागा मिळे. परीक्षा नापास झाला तर विद्यार्थ्यानें करावें काय, या प्रश्नाचेंहि उत्तर तेथें होतें. कारण साबू, औषधें, रंग यांचें काम हातीं आलेला मनुष्य उपाशी मरत नाहीं. या विद्यार्थिपरंपरेंतूनच १९०७ सालीं कोटिभास्कर व भाईलाल दाजीभाई अमीन यांच्यासह त्यांनीं बडोद्यास अलेंबिक केमिकल वर्क्स हा कारखाना उभारला. अलेंबिक म्हणजे भट्टीवरचा भपका: मिश्रणांतील जो द्रव कमी उष्णतेवर उकळतो त्याची आधीं वाफ होते, व ती थंड करून निराळी धरतां येते. परदेशांतून येणारीं अर्करूप औषधें या कारखान्यानें देशांत तयार केलीं, व तो कारखाना अजूनहि चालू आहे.

गज्जर १९२० सालीं वारले. वय पुरतें सत्तावन्न वर्षांचेंहि नव्हतें. आपल्या प्रयोगशाळेच्या दुसऱ्या फळीवर आयोडीनची तपकिरी कुपी व संगमरवराच्या तुकड्यांची बरणी शेजारीं शेजारीं ठेविलेली आहे. पुढील तासाला ती बरणी काढूं. लिंबें मात्र ज्याचीं त्यानें घरून आणावीं.