खिडकीतून गल्ली पाहणारी जेनबाई

दोन वर्षांपूर्वी आपल्या मागच्या बाजूच्या एका फ्लॅटचे कुलूप भर दुपारी तुटले, हे सर्वांना आठवत असेलच. मग जनरल बॉडीत कंपाऊंडची भिंत उंच करण्याचा विषय निघाला. बँकेत आयुष्यभर स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळलेला मी, लगेच हात वर केला. पुढे जेन जेकब्स यांचे पुस्तक हाती आले अन् मत डळमळले. त्या बाईंची ही ओळख.

जेनबाईंचा जन्म ४ मे १९१६ रोजी अमेरिकेतील स्क्रँटन गावी झाला. वडील डॉक्टर. १९३५ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. टायपिंग, स्टेनोग्राफी अशा नोकऱ्या केल्या, कोलंबिया विद्यापीठात दोन वर्षे शिकल्या, पण पदवी घेतली नाही. १९४४ साली वास्तुतज्ज्ञ रॉबर्ट जेकब्स यांच्याशी लग्न झाले. दोघांनी हडसन स्ट्रीटवर, खाली पूर्वी गोळ्या-चॉकलेटचे दुकान असलेले जुने घर घेतले.

त्या घराच्या खिडकीतून त्यांनी गल्ली वाचली म्हणा ना! सकाळी दुकाने उघडतात, मुले शाळेत जातात, रात्री उशिरापर्यंत येजा असते. बाहेरगावी जाणारे लोक घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवतात. १९६१ च्या पुस्तकात त्यांनी सांगितले, की सुरक्षितता एकट्या पोलिसांच्या जिवावर राहत नाही. घरांची तोंडे रस्त्याकडे हवीत, रस्त्यावर वर्दळ हवी आणि लोकांची सहज नजर हवी. पदवी नसलेल्या बाईने नगररचनेच्या पंडितांना हे सुनावले!

त्या नुसत्या लिहीत बसल्या नाहीत. वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून मोठा रस्ता नेण्याचा बेत रहिवाशांनी हाणून पाडला, त्यात त्या पुढे होत्या. दुसऱ्या एका महामार्गाला विरोध करताना १९६८ मध्ये त्यांना अटकही झाली. त्याच वर्षी मुलांना व्हिएतनाम युद्धात जावे लागू नये म्हणून कुटुंब कॅनडात टोरंटोला गेले. तिथेच २५ एप्रिल २००६ रोजी त्या वारल्या.

सगळ्यांना त्यांचे म्हणणे पटले असे नाही. ऑस्कर न्यूमन या वास्तुतज्ज्ञांनी १९७२ मध्ये मांडले, की परक्याला कुठूनही शिरता येईल अशी वाट नको, रहिवाशांना जागा आपली वाटायला हवी. पण खिडकीतून बाहेरचे दिसले पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते.

आता आपल्या भिंतीचे पाहा. ती उंच केली तर चोर अडेल कदाचित, पण एकदा आत आला की त्याला बाहेरून कोण पाहणार? तो आडोसा आपणच बांधून दिलेला असेल. येत्या सभेत हा विषय पुन्हा आहे. मी या वेळी भिंतीसाठी हात वर करणार नाही. मागच्या बाजूला एक दिवा आणि आम्हा म्हाताऱ्यांसाठी दोन बाक मागणार आहे. आणि हो, गावी जाताना किल्ली शेजारी देत चला!