बर्फ, बिअर आणि डिझेल : ॲडॉल्फस बुशची गोष्ट

शीर्षक वाचून रेक्टर सरांच्या कपाळावर आठी पडण्याआधीच सांगून टाकतो, हा लेख बिअर प्यायच्या बाजूने नाही. विरोधातही नाही. आपला नगर जिल्हा या बाबतीत मोठा गमतीचा आहे. एकीकडे साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्या, आणि मळी आंबल्याचा तो वास, जो एस.टी.ची खिडकी लावली तरी आत येतोच. दुसरीकडे याच जिल्ह्यात दारूबंदीसाठी देशभर नाव झालेलं राळेगणसिद्धी. आपल्यातले कितीतरी केमिकलवाले आणि मेकॅनिकलवाले उद्या या डिस्टिलऱ्यांत नोकरीला लागतील, आणि त्यांच्याच गावात उभी बाटली की आडवी बाटली याचं मतदान चालू असेल. अशाच दुहेरी जगात एक माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगून गेला. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला जर्मन बिअरवाला, ॲडॉल्फस बुश. मेकॅनिकलच्या पोरांनी तर तो वाचायलाच हवा. का ते पुढे कळेल.

बुशचा जन्म १० जुलै १८३९ चा. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी, माइन्झ शहरासमोर कास्टेल नावाचं गाव आहे, तिथला. वडील उलरिक बुश वाइनचे आणि ब्रुअरीला लागणाऱ्या मालाचे व्यापारी. घरात भावंडं बावीस, आणि त्यात हा एकविसावा! घर खाऊनपिऊन सुखी, पण एवढ्या वाटेकऱ्यांत आपल्या वाट्याला काय येणार हे कळायला गणित लागत नाही. ब्रुसेल्सला थोडं शिक्षण झालं, आणि १८५७ साली, अठराव्या वर्षी, हा गडी अमेरिकेला निघाला. आपल्याकडे त्याच वर्षी उठाव चालू होता.

सेंट लुईस हे मिसिसिपी नदीवरचं मोठं बंदर. शहरात जर्मन लोक इतके, की इंग्रजी न बोलता दिवस काढता यावा. बुश आधी नदीच्या धक्क्यावर कारकुनी करत होता. वडिलांच्या इस्टेटीतला वाटा हातात आल्यावर त्याने भागीदारीत ब्रुअऱ्यांना माल पुरवायचं दुकान काढलं. १८६० च्या सुमारास शहरात चाळीसच्या आसपास ब्रुअऱ्या होत्या, म्हणजे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता.

त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे एबरहार्ड अनहॉयझर. हे गृहस्थ मूळचे साबणवाले. बव्हेरियन ब्रुअरी नावाची एक डबघाईला आलेली ब्रुअरी कर्जापोटी त्यांच्या गळ्यात पडली होती. साबण आणि बिअर दोन्हींना फेस येतो, याउपर त्यांना त्या धंद्यातलं फार कळत नसावं. १८६१ मध्ये बुशने त्यांची मुलगी लिली हिच्याशी लग्न केलं. त्याच वेळी त्याच्या भावाने लिलीच्या बहिणीशी केलं, त्यामुळे सख्खे भाऊ एकमेकांचे साडूही झाले. मध्येच अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. बुश काही महिने उत्तरेच्या बाजूने बंदूक घेऊन उभा राहिला आणि परत धंद्याला लागला. १८६४-६५ च्या सुमारास तो सासऱ्यांच्या ब्रुअरीत आला, १८६९ मध्ये भागीदार झाला. १८७९ मध्ये कंपनीच्या नावात त्याचं नाव लागलं, अनहॉयझर-बुश. पुढच्याच वर्षी सासरे वारले आणि सगळा कारभार जावयाकडे आला.

आता जरा थांबून थेअरी बघू. परीक्षेला येणार नाही, घाबरू नका. लागर ही जर्मन पद्धतीची बिअर. या शब्दाचा अर्थच साठवून ठेवणं. हिचं यीस्ट थंडीत काम करतं, साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तळाशी बसतं. त्यानंतर आणखी थंडीत, गोठणबिंदूच्या जवळपास, कित्येक आठवडे पिंप नुसतं ठेवून द्यायचं. आपल्या डिस्टिलरीत मळी आंबवतात ती उबेत, तीसेक अंशांना, आणि काम एक-दोन दिवसांत उरकतं. लागरचं तसं नाही. तिला थंडी लागते आणि धीर लागतो. सेंट लुईसचा उन्हाळा काही आपल्यापेक्षा कमी नाही. मग जर्मनांनी तिथे लागर केली कशी? तर शहराच्या पोटात चुनखडीच्या नैसर्गिक गुहा होत्या. हिवाळ्यात गोठलेल्या नदीतून बर्फाच्या लाद्या कापायच्या, गुहेत रचायच्या आणि त्यात पिंपं ठेवायची. ॲडम लेम्प नावाच्या जर्मनाने १८४० च्या सुमारास ही बिअर शहरात आणली आणि पुढे लेम्प घराणं शहरातलं सगळ्यात मोठं झालं. बुश आला तेव्हा तो त्यांच्यापुढे किरकोळच होता. १८६५ मध्ये त्याच्या ब्रुअरीचं वर्षाचं उत्पादन जेमतेम ८,००० बॅरल होतं.

शिवाय दुसरी अडचण. बिअर गुहेबाहेर आली की थोड्याच दिवसांत आंबट. म्हणून ब्रुअरी म्हणजे गावापुरता धंदा, आपल्याकडच्या दूध डेअरीसारखा. ज्याच्या घोडागाडीची जिथवर मजल, तिथवर त्याचं राज्य.

बुशने इथे जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्यात त्याचा स्वतःचा शोध एकही नाही! पाश्चरने दाखवून दिलं होतं, की ठराविक तापमानाला थोडा वेळ गरम केलं तर नासवणारे जंतू मरतात. बुशने १८७० च्या दशकात हे बाटलीबंद बिअरवर वापरलं. बाटली साठेक अंशांपर्यंत तापवायची, थोडा वेळ ठेवायची, पुन्हा गार करायची. बिअर महिनोन्‌महिने टिकायला लागली. अमेरिकेत हे करणाऱ्या पहिल्यांपैकी तो एक. मग रेल्वे. बर्फ भरलेले डबे मांस न्यायला वापरायला सुरुवात झालीच होती. बुशने ते बिअरला लावले, वाटेत ठिकठिकाणी बर्फाची गोदामं बांधली, आणि १८७८ मध्ये तर अशा डब्यांची स्वतंत्र कंपनीच काढली. तिकडे जर्मनीत कार्ल फॉन लिंडे नावाचा प्राध्यापक म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीसाठी गार करायचं यंत्र बनवत होता. आपल्या सिलॅबसमधली व्हेपर कम्प्रेशन सायकल औद्योगिक वापरात रुजली ती बरीचशी बिअरवाल्यांच्या पैशावर, हे आपल्याला कुणी सांगत नाही. अशी यंत्रं अमेरिकेत आल्यावर बुशने गुहा आणि नदीचा बर्फ सोडून दिला.

म्हणजे पाश्चर फ्रान्सचा, लिंडे जर्मनीचा, डबे मांसवाल्यांचे. बुशने तिन्ही एका साखळीत ओवले. भट्टीपासून टेक्सासच्या गुत्त्यापर्यंत कुठेही साखळी तुटता कामा नये, एवढंच त्याने पाहिलं. १९०१ साली उत्पादनाने १० लाख बॅरलचा आकडा ओलांडला. (एक अमेरिकन बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. गुणाकार ज्याचा त्याने करावा.)

बडवायझर हे नाव १८७६ चं. कार्ल कॉनराड या मित्रासाठी बुशच्या ब्रुअरीत ती बनायची. बोहेमियातल्या बडवाइस गावाच्या बिअरच्या धर्तीवर, पण बार्लीबरोबर तांदूळ घालून. अमेरिकन बार्लीत प्रथिनं जास्त, त्याने बिअर गढूळ व्हायची, तांदळाने ती हलकी आणि नितळ झाली. १८८३ मध्ये कॉनराडचं दिवाळं निघालं आणि नाव बुशकडे आलं. त्या मूळ गावातल्या ब्रुअऱ्यांशी या नावावरून पुढे शंभर वर्षांहून जास्त भांडण चाललं. जाहिरातीत तर हा माणूस भलताच पुढे. आपल्याकडे किराणा दुकानदार दिवाळीला कॅलेंडर देतो तसं याने १८९६ पासून जनरल कस्टरच्या शेवटच्या लढाईचं मोठं रंगीत चित्र गुत्त्यागुत्त्यांत लावायला दिलं. भेटायला येणाऱ्यांना खिशातला चाकू द्यायचा, त्यात एक बारीक भोक, डोळा लावला की आत बुशसाहेबांचा फोटो! स्वतः मात्र बिअरपेक्षा वाइन पसंत करायचा असं सांगतात.

आता मेकॅनिकलवाल्यांनो, इकडे या. १८९७ च्या सुरुवातीला आऊग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी झाली. कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास, तेव्हाचं वाफेचं इंजिन दहाच्या आगेमागे. बुशला ब्रुअरीतली वाफ आणि कोळशाचं बिल दोन्ही चांगलं माहीत होतं. तो स्वतः इंजिनिअर नव्हता, म्हणून त्याने मायर नावाच्या इंजिनिअरकडून इंजिन तपासून घेतलं, आणि त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडाचे हक्क १० लाख मार्क देऊन विकत घेतले. १८९८ मध्ये अमेरिकेत बनलेलं पहिलं डिझेल इंजिन, दोन सिलिंडर, ६० अश्वशक्ती, सेंट लुईसला त्याच्याच ब्रुअरीत चालू झालं. आपल्या आजोबांच्या विहिरीवर जे ऑइल इंजिन धडधडायचं, त्याचं अमेरिकेतलं हे थोरलं चुलत भावंड. धंदा म्हणून मात्र हे बरीच वर्षं रखडलं. बिअरसारखं पटकन पळालं नाही. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या सुल्झर बंधूंबरोबर नवी कंपनी काढल्यावर कुठे मार्गाला लागलं.

एवढा हुशार माणूस एका ठिकाणी कमी पडला, असं माझं मत आहे. गुत्त्यांना पैसे पुरवायच्या ब्रुअऱ्या, फर्निचर द्यायच्या ब्रुअऱ्या, आणि बदल्यात तिथे त्यांचीच बिअर. एका कोपऱ्यावर चार-चार गुत्ते झाले. पगाराच्या दिवशी नवरा घरी येतो की नाही हे बघत बसलेल्या बायका काही कुणा बिअरवाल्याचं चित्र बघून शांत होणार नव्हत्या. चर्चमधून आणि गावागावांतून दारूबंदीची मागणी वाढत गेली. १८९३ मध्ये ओहायोत अँटी-सलून लीग निघाली आणि पुढे देशभर पसरली. बुशचं म्हणणं असं, की बिअर ही व्हिस्कीपेक्षा सौम्य, जर्मन माणूस ती बायकामुलांसोबत बागेत बसून घेतो, मग हिच्यावर राग कशाला. स्वतःच्या बागेपुरतं ते खरं असेलही. गुत्त्यात काय चालतं ते सुधारण्याऐवजी त्याने आणि इतर ब्रुअरीवाल्यांनी पैसा ओतला निवडणुकांत. टेक्सासमध्ये याच कारणाने १९१५ मध्ये ब्रुअऱ्यांवर सरकारने खटला भरला.

तोवर तो मात्र गेला होता. १९१२ मध्ये डिझेल अमेरिकेच्या दौऱ्यावर सेंट लुईसला येऊन गेला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला, नंतर समुद्रात प्रेत सापडलं. त्यानंतर अकराव्या दिवशी, १० ऑक्टोबरला, बुश जर्मनीतल्या आपल्या व्हिला लिली या घरी वारला. प्रेत बोटीने आणि रेल्वेने सेंट लुईसला आणून तिथे अंत्यविधी झाला.

मग महायुद्ध आलं. लिलीबाई तेव्हा जर्मनीतच होत्या आणि जखमी जर्मन सैनिकांची शुश्रूषा करत होत्या. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि बुशची विधवा एकदम संशयित झाली. सत्तरी ओलांडलेल्या या बाई १९१८ मध्ये परतल्या, तेव्हा फ्लोरिडाच्या बंदरावर त्यांची अपमानकारक झडती झाली. त्यांची मालमत्ता काही महिने सरकारने ताब्यात ठेवली आणि युद्ध संपल्यावर परत केली. त्याच सुमारास अमेरिकन नौदलाच्या काही पाणबुड्या जर्मनीविरुद्धच्या त्या युद्धात सेंट लुईसच्या बुश-सुल्झर डिझेलवर चालत होत्या.

१७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली, ती १९३३ पर्यंत. लेम्प घराण्याने हाय खाल्ली, त्यांची अवाढव्य ब्रुअरी १९२२ मध्ये एका चपला-बुटांच्या कंपनीला कवडीमोलाने गेली. बुशचा मुलगा ऑगस्ट याने फाटक बंद केलं नाही. थंडी कशी राखायची हे माहीत होतं, म्हणून आइस्क्रीम आणि ते वाहून न्यायला थंड पेट्यांच्या गाड्या. यीस्ट कसं वाढवायचं हे माहीत होतं, म्हणून १९२७ पासून बेकरीवाल्यांना पावाचं यीस्ट. दारूबंदी उठून बिअर परत सुरू झाली तरी कंपनीने हा यीस्टचा धंदा १९८८ पर्यंत चालू ठेवला होता.