ठिणगी नेमकी कधी पडायची? या प्रश्नातून उभी राहिली रॉबर्ट बॉशची कंपनी

गाडी रिमॅप केली, पिकअप वाढला, असे रील्स रोज डोळ्यांसमोरून जातात. लॅपटॉप जोडायचा, फाईल उघडायची, दोन-चार आकडे वाढवायचे की गाडी सुसाट. पण यात एक भानगड असते, जी रील्समध्ये दिसत नाही. कधी कधी सॉफ्टवेअर ज्या आकड्यांना इग्निशनचा मॅप म्हणून दाखवतं, ते इग्निशनचे नसतातच. नाव एकाचं, आकडे भलत्याचेच. तेच बदलून गाडीत टाकले की इंजिनाची वाट लागू शकते.

हा घोळ समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं. कारण इग्निशनचा मॅप म्हणजे एकाच जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडायची? या प्रश्नातून ज्याची कंपनी उभी राहिली, तो माणूस म्हणजे रॉबर्ट बॉश.

रॉबर्टचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा. जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात त्याच्या घरच्यांची खानावळ होती. बारा भावंडांमधला हा अकरावा. उल्ममध्ये तो बारीक यंत्रकामाची उमेदवारी करायला गेला, पण तिथे उस्तादाचं शिकवण्याकडे फारसं लक्ष नव्हतं. ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे १९१३ मध्ये त्याने स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी वेगळा विभागच काढला.

शिकून झाल्यावर तो जर्मनीत ठिकठिकाणी राबला. १८८४ मध्ये अमेरिकेला जाऊन एडिसनच्या कंपनीत काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. १५ नोव्हेंबर १८८६ ला स्टुटगार्टमध्ये त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. भांडवल १० हजार मार्क. सोबतीला एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. कार्ल बेंझने आपल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं तेही याच वर्षी, पण रॉबर्टचा तेव्हा गाड्यांशी काही संबंध नव्हता. टेलिफोन बसवा, विजेची घंटी दुरुस्त करा, अशी पडेल ती कामं तो करायचा. सायकलवर टांग मारून गिऱ्हाइकांकडे जायचा. धंदा इतका डळमळीत होता की मध्ये कामगार कमी करावे लागले आणि घरच्यांकडून उसने पैसे घ्यावे लागले.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या जोरावर ठिणगी पाडणारं यंत्र. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर तसा एक होता. रॉबर्टने आधी त्याचं पेटंट आहे का याची चौकशी केली, नाही म्हटल्यावर त्यात सुधारणा करून स्वतःचा बनवला. पण हा चालायचा जागेवर बसवलेल्या, संथ इंजिनांवर.

खरी परीक्षा झाली १८९७ मध्ये. फ्रेडरिक सिम्स नावाच्या उद्योजकाने फ्रेंच बनावटीच्या दे दियों-बूतों तीनचाकीवर मॅग्नेटो बसवून मागितला. तिचं इंजिन मिनिटाला दीड हजाराहून जास्त फेरे घ्यायचं. जुना मॅग्नेटो तिथे टिकणं शक्य नव्हतं. बॉशच्या कारखान्यात तो नव्याने बांधला गेला आणि तीनचाकी पळाली.

१९०२ मध्ये त्याच्याच इंजिनिअरने, गॉटलोब होनोल्डने, स्पार्क प्लगसह चालणारा हाय व्होल्टेज मॅग्नेटो तयार केला. त्यानंतर बॉशला मागे वळून बघावं लागलं नाही. १९१३ पर्यंत कंपनीची ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होत होती.

पैसा आला तसा त्याने कामगारांकडेही वळवला. १९०६ मध्येच आठ तासांचा दिवस सुरू केला. तरीही १९१३ मध्ये संप झाला आणि तो त्याला चांगलाच लागला. पाठोपाठ महायुद्ध आलं, अमेरिकेतली कंपनी जप्त झाली. १९२१ मध्ये तरुण मुलगा गेला. त्याच काळात डिझेल इंजिनाच्या पंपावर काम सुरू झालं आणि १९२७ मध्ये त्याचं उत्पादनही. याच डिझेल तंत्रज्ञानाच्या धंद्यातून १९५१ मध्ये बंगळूरमध्ये ‘मायको’ आली. नाशिककरांचं मायको सर्कल तिच्याच नावाचं.

हिटलरच्या काळातलं चित्र मात्र दुहेरी आहे. बॉशची कंपनी युद्धसामग्री बनवत होती, तिथे सक्तीने आणलेले हजारो मजूर राबत होते. दुसरीकडे हिटलरविरोधी गटातल्या कार्ल गोर्डेलरला त्याने सल्लागार म्हणून कंपनीत आसरा दिला होता, ज्यूंना मदत केली होती. १२ मार्च १९४२ ला तो गेला, तेव्हा त्याच सरकारने त्याची शासकीय इतमामात अंत्ययात्रा काढली.

माणूस गेला, प्रश्न तसाच राहिला. इंधन जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते. वेग वाढला की आणखी आधी. फार लवकर पडली तर इंजिन नॉक करतं, उशिरा पडली तर ताकद जाते. जुन्या गाड्यांत हे ड्रायव्हर हाताने दांडी सरकवून जुळवायचा. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा बीएमडब्ल्यू ७३२ आय गाडीत आली आणि हे काम चिपमधल्या तक्त्याकडे गेलं. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला लोड, मधल्या घरांत ठिणगीची वेळ. हाच तो मॅप.

आता घोळ कुठे होतो? चिपमध्ये मॅपचं नाव लिहिलेलं नसतं, नुसती आकड्यांची रांग असते. तक्ता कुठून सुरू होतो, त्यात किती ओळी, किती रकाने, हे डेफिनिशन फाईल सांगते. गाडी तीच, पण ईसीयूच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तर तक्त्याची जागा सरकू शकते. जुनी डेफिनिशन लावली तर सॉफ्टवेअर भलतीकडूनच वाचायला लागतं.

एक उदाहरण बघा. फेऱ्यांचा १००० हा आकडा चिपमध्ये ३ आणि २३२ अशा दोन बाइट्समध्ये असतो, कारण ३ गुणिले २५६ अधिक २३२ म्हणजे १०००. क्रम उलटा वाचला की तोच आकडा ५९३९५ होतो. एवढे फेरे कुठली गाडी घेते?

म्हणून आधी मूळ फाईलची कॉपी ठेवायची. ईसीयूचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर डेफिनिशनशी ताडून बघायचा. मग फेऱ्यांची ओळ बघायची, ती चढत्या क्रमाने जायला हवी. मॅप थ्रीडीमध्ये साधारण सलग उताराचा दिसायला हवा. मध्येच खड्डे आणि सुळके दिसले तर सुरुवातीचा पत्ता, बाइटचा क्रम, ओळी-रकाने आणि गुणक तपासायचे. आकडे डिग्रीत पटत नाहीत तोवर एकही घर बदलायचं नाही. बदललं तर चेकसम दुरुस्त केल्याशिवाय फाईल गाडीत टाकायची नाही.

जागेवरच्या इंजिनाचा मॅग्नेटो पळत्या तीनचाकीला जसाच्या तसा चालला नाही, तो तिच्यासाठी नव्याने बांधावा लागला. डेफिनिशन फाईलचंही तेच आहे. शेजाऱ्याच्या गाडीला चालली म्हणून ती आपल्या गाडीला चालेलच असं नाही.