गिरणीवाले जमशेटजी टाटा आणि त्यांचं विद्यादान



आपल्या वस्तीतल्या किती तरी घरांची चूल गिरणीच्या भोंग्यावर पेटली. आजा गिरणीत, बाप गिरणीत, अशा पिढ्या गेल्या. पण नागपुरात एम्प्रेस मिल उभारणाऱ्या माणसाने कमावलेल्या पैशाचं पुढे काय केलं, हे आपल्या पोरांना ठाऊक नसतं. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही जमशेटजी नसरवानजी टाटा यांचं चरित्र थोडक्यात देत आहोत.

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 रोजी गुजरातेत नवसारीला, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते 1858 साली शिकून बाहेर पडले आणि वडिलांच्या व्यापारात शिरले. 1868 साली 21,000 रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढे चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि ती नफ्यात विकली.

त्या काळी गिरणी म्हटली की मुंबई. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडलं. कापूस जवळ, रेल्वे आलेली, कोळसा वरोऱ्याचा. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत ते भराव घालू लागले, तेव्हा एका सावकाराने पैसा द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत पुरतो आहे, असं त्याला वाटलं. पुढे त्यालाच कबूल करावं लागलं, की यांनी माती घातली आणि सोनं काढलं. 1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस पडलं.

सुरुवातीला कामगार रोज कामावर येत नसत. जमशेटजींनी बक्षिसं लावली, 1886 च्या सुमारास पेन्शन फंड काढला आणि 1895 च्या सुमारास अपघाताची भरपाई सुरू केली. भरपाईचा सरकारी कायदा 1923 साली आला, प्रॉव्हिडंट फंडाचा 1952 साली. आम्ही युनियनमध्ये काम केलेली माणसं, आम्हाला याची किंमत कळते.

पण मातीतून सोनं काढणारे हात कामगारांचे होते, हेही विसरून चालणार नाही. त्या काळी गिरण्यांत दिवसभर काम चाले, लहान पोरंही राबत. मुंबईच्या गिरण्यांत तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना साळखात्यात घेत नसत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला होता.

आता दानाची गोष्ट. 1892 साली जमशेटजींनी परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी काढला. 1898 साली संशोधनाच्या विद्यापीठासाठी 30 लाखांची मालमत्ता, म्हणजे आपली जवळजवळ निम्मी संपत्ती, देऊ केली. व्हाइसरॉय कर्झन यांना ही योजना पटेना. वाट पाहता पाहता 19 मे 1904 रोजी जर्मनीत जमशेटजींचं निधन झालं. मुलांनी वडिलांचा शब्द पाळला. म्हैसूर संस्थानाने बंगळुरात 371 एकर जमीन दिली. 1909 साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची स्थापना झाली, 1911 साली पहिले विद्यार्थी आले. संस्थेला स्वतःचं नाव द्यायचं जमशेटजींच्या मनात नव्हतं. तरी बंगळूरची माणसं तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणत आली.

या दानाचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. केरळातल्या एका गरीब दलित घरातला हुशार मुलगा 1945 साली याच टाटा शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेला. तो मुलगा म्हणजे के. आर. नारायणन. 1997 साली ते भारताचे राष्ट्रपती झाले.

श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने जेतवनासाठी जमिनीवर सोन्याची नाणी अंथरली, हे आपण विहारात ऐकत आलो. एम्प्रेस मिल 2002 साली बंद पडली. त्या जागेवर आता मॉल उभा आहे. बंगळूरची संस्था मात्र चालू आहे, तिथे पोरं शिकताहेत. आपल्याजवळ 30 लाख नाहीत. पण ज्याच्या घरी पगार येतो, त्याने वर्षातून एका दिवसाचा पगार वस्तीतल्या पोरांच्या पुस्तकांसाठी द्यावा, एवढी आमची हात जोडून विनंती आहे.

जयभीम.